बोअरचं पाणी, फेस आणि तुमचे प्रश्न

मागच्या महिन्यात जाता जाता एक वाक्य लिहून गेलो होतो, की अंगाचा साबण, धुण्याची पावडर, शाम्पू आणि फवारणीतलं स्टिकर (औषध पानावर पसरावं आणि टिकावं म्हणून पंपात घालतात ते) ही सगळी एकाच घराण्यातली पोरं आहेत. त्यावर इतके प्रश्न आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. निम्मे प्रश्न व्हॉइस नोटवर आलेत, ते ऐकून उतरवलेत, एखादा शब्द इकडचा तिकडं झाला असेल तर सांभाळून घ्या.

आधी घराण्याचं नाव सांगतो, सर्फॅक्टंट. एकच रेणू असतोय पण त्याचा स्वभाव दुटप्पी. डोक्याला पाणी पाहिजे आणि लांब तेलकट शेपटीला पाण्याचा तिटकारा. मग तो बिचारा करणार काय, गच्च भरलेल्या एसटीच्या दारात लटकलेल्या माणसासारखा, धड आत नाही धड बाहेर नाही, पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन उभा राहतो. बाकी जे काय घडतं ते या लटकण्यामुळंच. एवढं डोक्यात ठेवा आणि पुढं वाचा.

प्रश्न : नवीन बोअर घेतलं, साडेपाचशे फुटावर पाणी लागलं. पण अंगाला साबण लावला की फेसच येईना, अंग चिकट चिकट होतंय आणि बादलीच्या कडेला पांढरट चोथा बसतोय. पावडरनं कपडे मात्र निघतात. साबण डुप्लिकेट आलाय का?
— एक गृहिणी, औसा

ताई, साबण डुप्लिकेट नाही, पाणी जड आहे. शाळेच्या पुस्तकात याला दुष्फेन पाणी म्हणायचे, आठवतंय का बघा. आपल्याकडं खाली सगळा काळा कातळ, त्याच्या भेगांमधून पाणी मुरत मुरत जाताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत घेऊन येतं, आणि बोअर जेवढं खोल तेवढा या पाण्याचा कातळात मुक्काम बहुतेक वेळा जास्त.

साबण म्हणजे तेलातल्या आम्लाचं सोडियम मीठ. तेल आणि कॉस्टिक सोडा एकत्र तापवलं की साबण आणि ग्लिसरीन तयार होतं, बस एवढंच ते साबणीकरण. आता या साबणाला कॅल्शियम भेटला की तो सोडियमला सोडून कॅल्शियमचा हात धरतो, आणि कॅल्शियमचा साबण पाण्यात विरघळतच नाही. तुमच्या बादलीच्या कडेला जो चोथा बसतोय ना, तो तोच. अंगाला चिकट लागतंय तेही तेच, केसातून हात फिरत नाही तेही तेच.

किती साबण वाया जातो याचा हिशोब एकदा मांडून बघा. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात जडपणा लिटरमागं २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं धरलंय, आणि दुसरं पाणीच मिळत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. समजा तुमचं पाणी ६०० चं आहे. तर २० लिटरच्या एका बादलीतला सगळा कॅल्शियम संपवायलाच ७० ग्रॅमच्या वर साबण जातो! म्हणजे वडीच्या वडी चोथ्यात जाईल तेव्हा कुठं पहिला खरा फेस दिसायला लागेल. अंघोळीला आपण एवढा साबण घालत नाही, म्हणून फेस येत नाही, साधी गोष्ट.

पावडरचं कसंय, तिच्यातला सर्फॅक्टंट वेगळा. त्याच्या डोक्याशी सल्फोनेट असतं, ते कॅल्शियमला साबणाएवढं दबत नाही, आणि वर पावडरीत धुण्याचा सोडा असतोच, तो कॅल्शियमला आधीच खडूसारखा खाली बसवतो. ७२ च्या दुष्काळात आमच्या गल्लीत एकाच खारट विहिरीला पाणी राहिलं होतं, तेव्हा आमची आई रात्री घंगाळात सोडा टाकून ठेवायची आणि सकाळी वरवरचं निवळ पाणी धुण्याला घ्यायची, तिला रसायनशास्त्र कुणी शिकवलं नव्हतं. ६०० च्या पाण्याला २० लिटरमागं १२-१३ ग्रॅम सोडा पुरतो, म्हणजे तीन-चार चहाचे चमचे. पण हे फक्त कपड्यांसाठी हां, अंगाला नाही, कातडी कोरडी पडते. अंघोळीला शेवटचे दोन तांबे टाकीत साठवलेल्या पावसाच्या पाण्याचे घ्या, नाहीतर साबणाऐवजी बॉडी वॉश वापरा, त्यात सहसा साबण नसतो, पावडरच्या जातीचे पण सौम्य सर्फॅक्टंट असतात.

प्रश्न : पैठणी घरी धुवायची तर रिठा वापरावा का? सून म्हणते शाम्पूनं धुवा. रिठा नैसर्गिक म्हणजे केमिकल नाही ना त्यात?
— एक आजी, पैठण

आजी, रिठ्यात पण केमिकलच, सॅपोनिन म्हणतात त्याला, साखरेचं डोकं आणि तेलकट शेपूट. म्हणजे तो झाडावर लागलेला सर्फॅक्टंटच झाला. ओढ्यात मासे धरायला जुने लोक असल्या बिया-साली वाटून टाकायचे, सॅपोनिन माशांना चांगलंच बाधतं, त्यामुळं नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी असं काही नाही, डोळ्यात गेला की रिठा पण झोंबतोच. पण रेशमासाठी तुमचं बरोबर आहे. रेशीम म्हणजे प्रथिन, साबण आणि पावडर दोन्ही अल्कधर्मी, ते रेशमाची चमक खातात. रिठा तसा नाही, आणि त्याच्या डोक्यावर विद्युतभार जवळजवळ नसल्यानं बोअरच्या पाण्यात चोथा पण करत नाही. सुनेचं पण चुकीचं नाही, सौम्य शाम्पू चालतो. भांडू नका. फक्त जरीचा काठ चोळू नका आणि जुनी भारी पैठणी असेल तर सरळ ड्रायक्लीनला द्या.

प्रश्न : आम्ही बचत गटाच्या दहा जणी भांडी घासायचं लिक्विड बनवतो. एसएलईएस पेस्ट, थोडी ॲसिड स्लरी, कॉस्टिक, रंग, वास आणि मीठ. पहिल्यांदा मधासारखं घट्ट झालं. मागच्या वेळी अजून घट्ट व्हावं म्हणून मीठ वाढवलं तर सगळं पाण्यासारखं पातळ! पन्नास लिटर माल पडून आहे. फेकायचा का?
— बचत गट अध्यक्षा, अंबड तालुका

फेकू नका! या प्रश्नावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण असाच प्रश्न अजून तीन गटांनी विचारलाय आणि ट्रेनिंग देणारे फक्त रेसिपीचा कागद हातात देऊन मोकळे होतात असं दिसतंय.

आधी तुमच्या डब्यात काय आहे ते बघू. एसएलईएस म्हणजे सोडियम लॉरिल इथर सल्फेट, तुमचा मुख्य सर्फॅक्टंट. तो बनवायला नारळाच्या किंवा पाम कर्नेलच्या तेलापासून लॉरिल अल्कोहोल काढतात, त्याला इथिलीन ऑक्साईडचे दोन-तीन मणी जोडतात, मग सल्फर ट्रायऑक्साईड वायू देऊन शेवटी कॉस्टिकनं शांत करतात. ॲसिड स्लरी म्हणजे ती काळपट तपकिरी, काकवीसारखी, नाकात जाणारी. तिचं मूळ नारळात नाही तर रॉकेलमध्ये. रॉकेलमधल्या सरळ साखळ्या बेन्झीनला जोडतात आणि त्याला पुन्हा तोच सल्फर ट्रायऑक्साईड. हे सगळं मोठ्या कारखान्यातलं काम, आपण घरी फक्त मिसळतो. त्यामुळं "आम्ही घरी केमिकलशिवाय बनवतो" असं लेबलवर लिहू नका ताई, एका गटानं लिहिलेलं मी पाहिलंय.

आता मीठ. पाण्यात सर्फॅक्टंटचे रेणू आधी पृष्ठभागावर जातात, दार भरलं की उरलेले आत पाण्यात शेपट्या आतल्या बाजूला करून गोळा होतात, त्या गोळ्याला मायसेल म्हणतात. मीठ नसताना हे गोळे साबुदाण्यासारखे गोल, एकमेकांवरून घरंगळतात, म्हणून द्रावण पातळ. डोक्यांवर ऋणभार असतो, ती एकमेकांना ढकलत असतात म्हणून जवळ येत नाहीत. मीठ टाकलं की ते ढकलणं कमी होतं, डोकी चिकटून बसतात आणि साबुदाण्याच्या शेवया व्हायला लागतात. लांब लांब शेवया एकमेकीत गुंतल्या की लिक्विड मधासारखं घट्ट. इथंपर्यंत सगळे खूश. पण अजून मीठ टाकलं की शेवयांना फांद्या फुटतात, एकमेकींना जोडल्या जातात आणि ते जोड सरकायला लागतात, मग गुंता सुटतो आणि माल पुन्हा पातळ होतो. अजूनच टाकलं तर गढूळ होऊन थर पडतात. म्हणजे मिठाचा डोंगर असतोय, चढ असतो, शिखर असतं, आणि तुम्ही पलीकडच्या उतारावर उतरलात.

परत कसं यायचं, तर नवीन घाणा बिनमिठाचा बनवा, तीच पेस्ट तेच प्रमाण, आणि तो बिघडलेल्या मालात मिसळत जा. मीठ वाटलं जाऊन कमी होतं आणि तुम्ही पुन्हा शिखराकडं येता. पण सगळं एकदम करू नका. आधी काचेच्या ग्लासात १०० मिली बिघडलेला माल घ्या, त्यात २०-२० मिली नवीन घाला, चमच्यानं हळू हलवा, कुठं घट्ट होतंय ते लिहून ठेवा, मग पिंपाचं गणित मांडा. नुसतं पाणी ओतून पण मीठ कमी होईल पण मालाचा दम पण कमी होईल, गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येणार नाही.

आणि एक गोष्ट रेसिपीच्या कागदावर नसते. तुमच्या बोअरच्या पाण्यात आधीच क्षार आहेत, ते पण मिठाचंच काम करतात. पावसाळ्यात जमलेली रेसिपी एप्रिल-मेमध्ये बिघडते ती यामुळं, उन्हाळ्यात तेच पाणी जास्त जड झालेलं असतं. म्हणून दर वेळी पाणी बदललं की ग्लासातली चाचणी पुन्हा. मीठ विरघळवून थोडं थोडं घाला, खडे टाकू नका.

पेस्ट विरघळायला त्रास होतो असंही तुमच्यातल्या एका ताईंनी व्हॉइस नोटमध्ये सांगितलं. ७० टक्क्यांची पेस्ट डब्यातून ओघळते पण तिच्यावर पाणी ओतलं की पातळ व्हायच्या ऐवजी दगडासारखा जेलीचा गोळा होतो, मधल्या प्रमाणात ती तशीच वागते. त्यामुळं पाण्यात पेस्ट टाकायची, पेस्टवर पाणी ओतायचं नाही, हळू हलवायचं आणि रात्रभर ठेवायचं. जोरात घुसळलं तर नुसता फेस, तो बसायची वाट बघत बसा दुपारपर्यंत.

स्लरीच्या बाबतीत मात्र दरडावून सांगतो. ती आम्ल आहे. कॉस्टिकच्या पाण्यात स्लरी हळूहळू सोडायची, ते गरम होतं, प्लॅस्टिकचं पिंप पातळ असेल तर वाकतं. हातमोजे, चष्मा, लेकरं लांब. मी नोकरीत नवीन असताना घाई केली होती, शर्टाच्या बाहीला पडलेली भोकं बायकोनं कितीतरी वर्षं दाखवली. शेवटी पीएच कागद (आम्ल की अल्क ते आकड्यात दाखवणारा) लावून बघा, सातच्या आसपास आलं पाहिजे, नाहीतर गिऱ्हाइकाच्या हाताची सालं निघतील. आणि प्रिझर्व्हेटिव्ह टाका, पातळ लिक्विडला महिनाभरात वास सुटतो तो बुरशी-जंतूंचा.

फेसाचं शेवटी. गिऱ्हाईक फेस मागतं म्हणून तुम्ही पेस्ट वाढवत जाता. तेलाचा ओशटपणा काढायचं काम मायसेल करतात, तेल आपल्या पोटात घेऊन. फेस म्हणजे नुसती हवा अडकलेली. पुढून उघडायच्या वॉशिंग मशीनची पावडर मुद्दाम कमी फेसाची बनवतात, तरी कपडे निघतातच की.

प्रश्न : कापसावर फवारताना औषधवाले सिलिकॉन स्टिकर घ्या म्हणतात. बाटली महाग. आम्ही पंपात मूठभर निरमा टाकतो. चालतं का?
— शेतकरी, गेवराई

दादा, आपल्यात अळवावरचं पाणी म्हणतात ना, तो तुमचा सगळा प्रश्न आहे. पानावर मेण असतं आणि पाण्याला स्वतःला आखडून घ्यायची सवय, त्याला पृष्ठताण म्हणतात. पाण्याचा हा ताण मीटरमागं ७२ मिलिन्यूटन, साधं बिनभाराचं स्टिकर (ज्याच्या डोक्यावर विद्युतभार नसतो ते) तो तीसच्या आसपास आणतं, सिलिकॉनचं तर वीस-बावीसपर्यंत. मग थेंब गोळा न होता पानभर पसरतो.

धुण्याची पावडर पण ताण कमी करते, यात वाद नाही. अडचण तिच्यातल्या सोड्याची. पाणी एकदम अल्कधर्मी होतं, आणि बरीच कीटकनाशकं, विशेषतः ऑर्गनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटातली, असल्या पाण्यात पंपातच फुटायला लागतात. म्हणजे महाग औषध मारताय आणि स्वस्त पावडरनं त्याचा जीव घेताय. शिवाय पावडरीत मीठ-सोडा बराच असतो, कोवळ्या पानांच्या कडा करपतात. म्हणून पावडर नको.

निंबोळी अर्काची गोष्ट वेगळी. ५ टक्के अर्काच्या शिफारशीतच १०० लिटरला २०० ग्रॅम साबणाचा चुरा आहे, कारण निंबोळीतलं तेल पाण्यात फोडायचंय. पण पाणी वर औशाच्या ताईंसारखं जड असेल तर साबणाचा चोथा होऊन नोझल तुंबतं, तिथं पण बिनभाराचं स्टिकरच बरं. आणि ग्लायफोसेटसारखं तणनाशक जड पाण्यात कॅल्शियमशी बांधलं जातं आणि निम्मंअर्धं काम करतं, त्याला स्टिकर जबाबदार नाही, पाणी जबाबदार आहे.

सिलिकॉन घेतलंच तर दोन गोष्टी. लेबलवर आहे तेवढंच टाका, जास्त टाकलं की औषध पानावर थांबत नाही, टोकावरून ओघळून मातीत जातं. आणि पंप भरून तसाच उद्यासाठी ठेवू नका, पाणी आम्ल किंवा अल्कधर्मी असेल तर हे सिलिकॉन स्वतःच तुटतं. विकत घ्यायच्या आधी परसातलं अळूचं पान तोडा, एक साधा थेंब, एक स्टिकर घातलेल्या पाण्याचा थेंब. दुसरा थेंब गोल राहिला तर बाटली दुकानदाराला परत द्या.

प्रश्न : एमएस्सीच्या प्रोजेक्टला लॉरिल अल्कोहोल आणि सल्फ्युरिक ॲसिडपासून सोडियम लॉरिल सल्फेट बनवलं. पृष्ठताणाचा आलेख काढला तर सरळ आडवा न होता मध्येच खड्डा येतोय. मॅडम म्हणतात रीडिंग चुकलं. कॉलेजात टेन्शिओमीटर (पृष्ठताण मोजायचं यंत्र) नाही, स्टॅलॅग्मोमीटरवर, म्हणजे थेंब पाडायच्या काचेच्या नळीवर, थेंब मोजतोय.
— विद्यार्थी, परभणी

रीडिंग चुकलं नसावं, उलट तू काळजीपूर्वक घेतलंस म्हणून खड्डा दिसला! सर्फॅक्टंट वाढवत गेलं की ताण उतरत जातो, दार भरलं की मायसेल व्हायला लागतात आणि तिथून पुढं आलेख आडवा व्हायला पाहिजे. शुद्ध लॉरिल सल्फेटला हा टप्पा लिटरमागं साधारण ८ मिलिमोलला, म्हणजे २.३ ग्रॅमच्या आसपास येतो. तुझ्या मालात न बदललेलं लॉरिल अल्कोहोल राहिलंय. ते पृष्ठभागावर तुझ्या लॉरिल सल्फेटपेक्षाही जास्त हावरटपणे बसतं, त्यामुळं ताण जरुरीपेक्षा खाली जातो. मायसेल झाले की ते अल्कोहोल त्यांच्या पोटात शिरतं, दार सोडतं आणि ताण पुन्हा वर येतो. तोच तुझा खड्डा. इथॅनॉलमधून दोन-तीनदा स्फटिक काढ, वाळव, पुन्हा आलेख काढ. खड्डा उथळ होत गेला तर दोन्ही आलेख रिपोर्टमध्ये लाव, परीक्षक खूश होईल. द्रावण ताजं ठेव, जुनं झालं की, त्यातून आम्ल राहिलं असेल तर जास्तच, ते स्वतःच तुटून पुन्हा अल्कोहोल तयार करतं.

थेंब अगदी हळू पाड, रेणूंना पृष्ठभागावर यायला वेळ लागतो. ताण कमी झाला की थेंब लहान पडतात, म्हणून तेवढ्याच द्रावणाचे जास्त थेंब येतात. पाण्याचे ४० थेंब येत असतील तर टप्प्याच्या पुढं ७५ च्या आसपास यायला पाहिजेत. डिस्टिल्ड पाणीच वापर. आणि डिसेंबरात सकाळी बाटलीत पांढरं दिसलं तर घाबरू नको, पंधरा-सोळा अंशांच्या खाली हा पदार्थ नीट विरघळत नाही, परभणीची थंडी तुला माहीत आहेच. बाटली कोमट पाण्यात धर.

यंत्र नाही म्हणून रडू नको. ॲग्नेस पॉकेल्स नावाची जर्मन बाई, कॉलेजात कधी गेली नाही, घरातली भांडी धुता धुता पाण्यावरचे तवंग बघायला लागली, पत्र्याची उथळ पेटी आणि तराजूला टांगलेलं बटण एवढ्यावर तिनं पृष्ठताण मोजला. १८९१ साली लॉर्ड रॅले या इंग्लिश शास्त्रज्ञाला पत्र लिहिलं आणि त्यानं ते 'नेचर' या विज्ञान साप्ताहिकात छापायला लावलं. तुझ्याकडं निदान स्टॅलॅग्मोमीटर आहे.

प्रश्न : सर, ताटात पाणी घेऊन मिरपूड टाकली आणि साबणाचं बोट लावलं तर मिरपूड पळून गेली. मित्राला दाखवायला परत केलं तर हललीच नाही. का?
— इयत्ता सातवी, उदगीर

पहिल्यांदा बोट लावलंस तिथं ताण कमी झाला, बाजूचं पाणी जास्त ताणलेलं, त्यानं मिरपुडीला आपल्याकडं ओढलं. दुसऱ्यांदा सगळ्या पाण्यावर आधीच साबण पसरलेला होता, ओढायला कुणी उरलंच नाही. ताट नळाखाली चांगलं खळखळून धू, बोट पण धू, नवीन पाणी घे, मग होईल. आणि भिजलेली मिरपूड आईच्या डब्यात परत टाकू नको.